वस्तीचे जाळे वस्तीच्या हाती : तंत्रज्ञान निवडताना काय पाहावे?

म्हादईच्या वादामुळे हुबळी-धारवाड हे जोडनाव गोमंतकीय वाचकांच्या कानांवर सतत पडत असते. १९६२ साली एकाच महापालिकेत आलेल्या या जुळ्या शहरांपैकी हुबळीत कमरीपेठ ही जुनी, दाट वस्तीची पेठ आहे. सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची येथे मोठी वस्ती. सावजी खानावळींमुळे हा समाज दूरवर परिचित झाला. बाजारात कन्नड, पाहुण्याशी हिंदी किंवा मराठी आणि घरात समाजाची स्वतःची बोली, असा येथील भाषाव्यवहार. ही बोली लिहिली जाते कमी, बोलली जाते अधिक.

अशा पेठेने किंवा गोव्यातील एखाद्या वाड्याने आपल्यापुरते संपर्काचे जाळे उभारायचे ठरवले, तर कोणते तंत्रज्ञान निवडावे? प्रश्न वरवर यंत्रांचा वाटतो. पण अशी जाळी कोठे टिकली आणि कोठे विरली, हे पाहिले की यंत्र हा त्या प्रश्नाचा केवळ एक भाग असल्याचे ध्यानात येते.

सामुदायिक जाळे म्हणजे वस्तीने स्वतः उभारलेली, स्वतः चालवलेली आणि स्वतःच्या गरजेसाठी वापरलेली संपर्कव्यवस्था. ती वाय-फायची असू शकते, रेडिओची असू शकते, साध्या दूरध्वनीचीही असू शकते. मोबाइल कंपन्यांचे मनोरे सर्वत्र उभे असताना तिची गरज काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोव्याला वेगळे सांगायला नको. २०२० साली शाळा बंद होऊन वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा सांगे तालुक्यातील मुलांना ‘रेंज’साठी डोंगर चढावा लागला होता. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने झाडे आणि विजेचे खांब आडवे केले, तेव्हा शेजारच्या वाड्यावर काय घडले हे कळायलाही मार्ग उरला नव्हता. शहरात रेंज असते. पण आपल्या गल्लीत उद्या पाणी येणार की नाही, हे सांगणारी व्यवस्था त्या रेंजमधून आपोआप निर्माण होत नाही.

हुबळीचा धडा : पाण्याची वेळ

पाण्याच्या याच प्रश्नावर हुबळीत एक प्रयोग झाला. हुबळी-धारवाडच्या मोजक्या प्रभागांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रकल्प सुरू झाला. उरलेल्या मोठ्या भागात मात्र काही दिवसांच्या अंतराने आणि अनिश्चित वेळी पाणी येई. पाण्याची वाट पाहणे म्हणजे कामाचा खाडा, आणि वाट न पाहणे म्हणजे रिकामी भांडी. ही अडचण ओळखून नेक्स्टड्रॉप नावाच्या उपक्रमाने २०१०-११ च्या सुमारास हुबळीत काम सुरू केले. पेठापेठांतून फिरून पाणी सोडणारे कर्मचारी, ज्यांना तेथे व्हॉल्व्हमन म्हणतात, झडप उघडताना एका ठरावीक क्रमांकावर साधा फोन करीत. तेथील स्वयंचलित ध्वनियंत्रणा त्यांची नोंद घेई आणि त्या भागातील नोंदणीकृत कुटुंबांना पाणी येण्याआधी लघुसंदेश जाई.

यात नवे यंत्र बसवलेले नव्हते. नळाला संवेदक नव्हता की घरात स्मार्टफोन लागत नव्हता. कर्मचाऱ्याच्या खिशात आणि घरात आधीपासून असलेला साधा फोन, एवढ्यावर ते जाळे उभे होते. सुलभ तंत्रज्ञानाची पहिली कसोटी हीच : नवे शिकावे आणि विकत घ्यावे लागणारे जितके कमी, तितके चांगले.

उपक्रमाने पुढे बंगळुरूकडे मोर्चा वळवला. तेथे संशोधकांनी त्याची शास्त्रशुद्ध पाहणी केली असता साखळीतील कच्चा दुवा यंत्रात नसून माणसांच्या रचनेत असल्याचे दिसून आले. सारी माहिती व्हॉल्व्हमनच्या फोनवर अवलंबून होती, आणि तो फोन प्रत्येक वेळी होतच असे असे नाही. दिवसभर झडपा उघडत फिरणाऱ्या माणसावर आणखी एक काम पडले होते. ते केल्याने त्याचे ओझे हलके होत नव्हते आणि न केल्याने त्याचे काही बिघडत नव्हते. जाळ्याच्या ज्या गाठीवर सर्वाधिक भार असतो, त्या गाठीवरील माणसाला त्या जाळ्यातून काय मिळते, हा प्रश्न म्हणून आरंभीच विचारायला हवा. त्याच्याच जोडीचा दुसरा प्रश्न असा, की संदेश कोणाच्या फोनवर जातो? घरात एकच फोन असेल आणि तो कामावर गेलेल्या पुरुषाच्या खिशात असेल, तर नळापाशी थांबलेल्या बाईला त्या संदेशाचा उपयोग नाही.

आवाजाची वाट

जिथे भाषा बोलण्यात अधिक आणि लिहिण्यात कमी आहे, तिथे अक्षरापेक्षा आवाज जवळचा. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने २००७ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालवलेले सामुदायिक रेडिओ केंद्र हे परिसरातील ठळक उदाहरण. केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने विद्यापीठांबरोबरच स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची मुभा दिली. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती सामान्यतः १०० वॅट आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत असल्यामुळे असे केंद्र आसपासच्या काही किलोमीटरच्या टापूत ऐकू येते. ऐकणाऱ्याला डेटाचा खर्च नाही, अक्षरओळखीची अट नाही, आणि जुन्या साध्या मोबाइलमधील रेडिओही त्यासाठी पुरतो.

परवाना नसतानाही वाट काढता येते, हे कोलार जिल्ह्यातील बुदीकोटे गावाने दाखवले. ग्रामस्थांना रेडिओ प्रक्षेपणाची परवानगी मिळण्याआधीच्या काळात, २००३ साली, तेथील ‘नम्म ध्वनी’ या केंद्राने आपले कार्यक्रम केबल टीव्हीच्या तारेतून घराघरांत पोहोचवले. आधीपासून गावात असलेली तार हेच त्यांचे जाळे ठरले. मध्य भारतातील आदिवासी भागात २०१० पासून चालू असलेल्या ‘सीजीनेट स्वर’ने आणखी वेगळा मार्ग घेतला. माणूस फोन करतो, आपल्या बोलीत बातमी वा तक्रार सांगतो, संपादक ती तपासतात आणि मग इतरांना ती फोनवरच ऐकता येते.

या वाटेची मर्यादाही स्पष्ट आहे. रेडिओ बोलतो, पण ऐकणाऱ्याला त्यावरून लगेच उत्तर देता येत नाही. शिवाय सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. फोनवरील ध्वनिसेवेत दोन्ही बाजूंनी बोलता येते. मात्र प्रत्येक मिनिटाचे बिल कोणीतरी भरावे लागते. गरज सूचना देण्याची आहे की संवादाची, हे आधी ठरले तर निवड सोपी होते.

वाय-फाय : भिंती, माड आणि टप्पे

शिक्षण, सरकारी अर्ज, पैशांची देवघेव यांसाठी मात्र इंटरनेट लागते, आणि तिथे वाय-फायचा विचार येतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या आरंभी ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. २००५ च्या मोकळिकीनंतर धरमशाला येथे ‘एअरजल्दी’ने डोंगरउतारावरील तिबेटी वसाहती आणि शाळा बिनतारी जाळ्याने जोडल्या. बाजारात मिळणारे स्वस्त घरगुती राउटर, त्यांत मुक्त प्रणाली आणि पावसापासून रक्षण करणारी साधी पेटी, एवढ्यावर त्यांनी आरंभ केला. तेथील माकडे अँटेनांना लोंबकळत, याचाही विचार बांधणीत करावा लागला. आपल्याकडच्या छपरांवरही तो करावा लागेल.

लहरींचा स्वभाव समजून घेतला तर फसगत टळते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५.८ गिगाहर्ट्झची सुमारे पाच. लांब लहर भिंतीतून तुलनेने बरी जाते, पण त्या पट्ट्यात घरोघरच्या राउटरची गर्दी असते. आखूड लहरीचा पट्टा मोकळा आणि वेगवान. तिला मात्र समोरासमोर स्वच्छ दृष्टिरेषा लागते. कमरीपेठेसारख्या दाट पेठेत बोळातून लहर पाठवण्यापेक्षा गच्चीवरून गच्चीवर पाठवणे श्रेयस्कर, आणि गच्चीवरून खाली घरात तार आणणे त्याहून श्रेयस्कर. गोव्यातील वाड्यात अडसर भिंतीचा नसतो, माडांचा असतो. उन्हाळ्यात उत्तम चालणारी जोडणी पहिल्या पावसात मंदावते, कारण ओल्या झावळ्यांतील पाणी लहरी शोषून घेते. म्हणून जोडणीची परीक्षा आषाढात घ्यावी.

घरोघरचे राउटर एकमेकांना जोडून संदेश पुढे पुढे सरकवणाऱ्या रचनेला ‘मेश’ म्हणतात. एक राउटर बंद पडला तर संदेश दुसरी वाट शोधतो, हा तिचा गुण. पण राउटरमध्ये एकच रेडिओ असेल, तर त्यालाच ऐकावेही लागते आणि पुढे सांगावेही लागते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यागणिक वेग साधारण निम्मा होत जातो. ४० मेगाबिटचा वेग तिसऱ्या टप्प्यानंतर पाचाच्या आसपास उरतो. त्यामुळे दोन-तीन टप्प्यांपलीकडे साखळी लांबवण्यापेक्षा उंच ठिकाणाहून थेट दुवे देणे बरे.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलका अनुभव पालघर जिल्ह्यातला. मुंबईच्या आयआयटीच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने तेथील गावांत टीव्हीसाठी राखलेल्या, पण न वापरल्या जाणाऱ्या लहरींवर चाचणी केली. सुमारे ५०० मेगाहर्ट्झच्या या लहरी साठेक सेंटिमीटर लांब; झाडीतून आणि उंचसखल भूभागातून त्या चांगल्या जातात. तांत्रिकदृष्ट्या हा पर्याय देखणा होता. परंतु त्या लहरी परवानामुक्त नव्हत्या, उपकरणे बाजारात सहज मिळत नव्हती, आणि चाचणीपुरती मिळालेली परवानगी गावाला कायमची उपयोगाची नव्हती. पुढे पंचवीस गावे जोडताना परवानामुक्त पट्ट्यातील, बाजारात मिळणाऱ्या उपकरणांचा आधार घेण्यात आला. त्याचबरोबर सरकार, खासगी उद्योजक आणि पंचायत यांच्या भागीदारीची योजना मांडण्यात आली, ज्यात गावातीलच तरुण सेवा चालवील. या प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. सर्वोत्तम यंत्र आणि वस्तीला सांभाळता येईल असे यंत्र या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे पालघरने दाखवले.

वीज, वळीव आणि दुरुस्ती

वादळात जाळे चालू राहायचे असेल तर विजेचा हिशेब आधी मांडायला हवा. लहान राउटर साधारण ६ वॅट वीज घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या शिसे-आम्ल बॅटरीत ८४ वॅट-तास साठतात. बॅटरीचे आयुष्य राखण्यासाठी त्यांतले निम्मेच वापरायचे म्हटले, तर एक राउटर सात तास चालतो. बरेच राउटर १२ व्होल्टवरच चालत असल्याने मध्ये इन्व्हर्टर घालून वीज वाया घालवण्याचे कारण नाही. जास्त काळासाठी मोठी बॅटरी आणि सौरपट्ट लागेल. वळवाच्या पावसात वीज पडून गच्चीवरची उपकरणे जळतात. भूजोडणी आणि वीजरोधकावर वाचवलेले पैसे मग दुप्पट होऊन जातात.

दुरुस्तीची कसोटी याहून सोपी आहे. राउटर बिघडला तर त्याला सुटा भाग त्याच शहरात मिळतो का? वस्तीतील किमान तिघांना तो उघडून पुन्हा सुरू करता येतो का? त्याची प्रणाली एखाद्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर किंवा वार्षिक शुल्कावर तर अवलंबून नाही? ‘ओपनडब्ल्यूआरटी’सारखी मुक्त प्रणाली अनेक बनावटींच्या राउटरवर चालते, त्यामुळे एक बनावट बाजारातून गेली तरी जाळे अडून राहत नाही. मात्र ती बसवता येणारा माणूस जवळ नसेल, तर मुक्त प्रणालीही बंद पेटीच ठरते.

सुलभ म्हणजे कोणाला सुलभ?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि माहिती-तंत्रज्ञान त्यांनाही वापरता यावे, असे बंधन घातले. वस्तीच्या जाळ्यात ही बाब फारशी खर्चिक नाही. ती सवयीची आहे. पंचायतीची सूचना छायाचित्र म्हणून पाठवली, तर दृष्टिहीन व्यक्तीच्या फोनमधील वाचक-प्रणाली ती वाचू शकत नाही. तीच सूचना युनिकोड मराठीत टंकलेली असेल, तर फोन ती मोठ्याने वाचून दाखवतो. जुन्या ठशांच्या संगणकीय फाँटमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, यंत्राला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरे वाटतात. ‘एनव्हीडीए’ हे दृष्टिहीनांसाठीचे संगणकीय वाचक सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते.

इंटरनेट नसतानाही जाळे उपयोगी पडावे, यासाठी स्थानिक सर्व्हरचा मार्ग आहे. ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहाताएवढा संगणक राउटरला जोडला, तर ‘किविक्स’च्या साहाय्याने मराठी विकिपीडिया आणि शाळेची पुस्तके वस्तीत साठवून ठेवता येतात. तुमकुरू जिल्ह्यातील देवरायनदुर्ग परिसरात ‘जनास्तु’ या संस्थेने अशाच स्थानिक जाळ्यावर ग्रामस्थांचे बोल साठवण्याचे काम केले आहे. कमरीपेठेतल्या बोलीचे शब्द, म्हाताऱ्यांच्या आठवणी, सणांची गाणी यांना असे घर मिळाले, तर ते जाळे केवळ बाहेरचे आत आणणार नाही.

पैसा, नियम आणि खाजनाचा बांध

जाळी उभारण्यासाठी अनुदान मिळते, चालवण्यासाठी क्वचितच. समजा, ४० घरांच्या जाळ्याला ४८ हजार रुपयांची उपकरणे लागली आणि ती चार वर्षे टिकतील असे धरले. मग दरमहा एक हजार रुपये, म्हणजे प्रत्येक घरामागे २५ रुपये, केवळ पुढच्या उपकरणांसाठी बाजूला पडायला हवेत. इंटरनेटचे बिल, वीज आणि देखभाल करणाऱ्याचे मानधन त्याहून वेगळे. पहिल्या वर्षी सारे नवे असल्याने हे २५ रुपये अनावश्यक वाटतात. पाचव्या वर्षी त्यांच्यावाचून जाळे बंद पडते.

नियमांची बाजूही पाहावी लागते. आपल्या आवारातील स्थानिक जाळे ही एक गोष्ट आणि लोकांना इंटरनेट विकणे ही दुसरी. त्यासाठी सेवापुरवठादाराचा परवाना लागतो, किंवा ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेचा मार्ग घ्यावा लागतो. या योजनेत किराणा दुकानदारालाही परवाना किंवा नोंदणीशुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येते. नोंदणीची जबाबदारी त्याच्या वरच्या संकलक संस्थेवर असते.

सामूहिक मालकीचा अनुभव या प्रदेशाला नवा नाही. गदगजवळील कणगिनहाळ येथे, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात, १९०५ साली सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेली पतसंस्था आशियातील पहिली कृषी सहकारी पतसंस्था मानली जाते. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीत १९६९ साली नोंदलेली ग्रामीण वीज सहकारी संस्था आजही ग्राहकांना वीज पुरवते. त्याच सुमारास अहमदनगर जिल्ह्यात उभी राहिलेली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था मात्र थकबाकीच्या दीर्घ वादानंतर जानेवारी २०११ अखेर परवाना संपताच वितरणातून बाहेर पडली. तारा आणि रोहित्रे दोन्हीकडे सारखीच होती.

गोमंतकीय वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण खाजन शेतीत सापडेल. चिखल, गवत आणि जांभा दगड यांचा बांध, आणि भरती-ओहोटीच्या दाबाने आपसूक मिटणारी-उघडणारी लाकडी मानस. साहित्य गावातले, दुरुस्ती गावकऱ्यांना येणारी. मानशीवरील मासेमारीच्या हक्काचा लिलाव होई आणि त्यातून देखभालीला पैसा मिळे. कोणत्या शेतकऱ्याने कधी बांधावर यायचे हेही ठरलेले असे. शतकानुशतके समुद्राचे पाणी रोखणारी ही व्यवस्था जिथे कोलमडली, तिथे मानशीची रचना चुकली नव्हती. बांधाची जबाबदारी नेमकी कोणाची, हे सुटले होते, आणि खारे पाणी भातशेतीत शिरले.

कमरीपेठ असो वा काणकोणचा एखादा वाडा, राउटर विकत घेण्यापूर्वी वहीत चार उत्तरे लिहून ठेवावीत : जाळे कशासाठी हवे, त्याची किल्ली कोणाकडे राहील, बिघडल्यावर कोणाला हाक मारायची, आणि त्या माणसाला त्याबद्दल काय मिळेल. ही उत्तरे मिळत नसतील, तर खरेदी पुढे ढकलावी. मिळत असतील, तर पाच घरांपासून आरंभ करून एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि मगच सहावे घर जोडावे.